गवत तोलणारी नजर: चराऊ माळरानांवरच्या नव्या कर्मचाऱ्यांना काय शिकवायचं आणि कसं

"या कुरणावर यंदा किती गायी सोडू?" अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या राज्यांत माळरान संवर्धनाच्या नोकरीत नव्याने रुजू झालेल्या कर्मचाऱ्याला पशुपालकाकडून हा प्रश्न हमखास येतो. उत्तर द्यायचं तर गवत ओळखता यावं लागतं, त्याचं वजन नजरेने सांगता यावं लागतं, माती हाताने चाचपता यावी लागते. पावसाने दगा दिला तर काय करायचं हे आधी ठरलेलं असावं लागतं. आणि समोरचा माणूस हे कुरण आपल्या जन्माआधीपासून पाहत आला आहे, याचं भान असावं लागतं. पदवी घेऊन आलेल्या मुलामुलींना यातलं थोडंच येत असतं आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. शिकवण्याची पद्धतच अशी आहे की बराचसा वेळ वर्गात आणि स्क्रीनसमोर जातो, आणि ज्या जमिनीबद्दल बोलायचं ती खिडकीबाहेर राहते.

आधी चराऊ माळरान म्हणजे काय ते पाहू. जिथे नांगर फिरलेला नाही, पाटाचं पाणी नाही, आपोआप उगवणारं गवत, झुडपं आणि रानफुलं आहेत आणि ज्यावर गुरं किंवा रानटी प्राणी चरतात, ती ही जमीन. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक नकाशासंग्रहानुसार पृथ्वीवरच्या जमिनीपैकी सुमारे ५४ टक्के भाग अशा माळरानांचा आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष माळरानं आणि पशुपालक यांच्यासाठी आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं, त्यामागे हा पसारा आहे.

अमेरिकेत या जमिनीची निगा दोन वाटांनी चालते. सार्वजनिक जमीन प्रामुख्याने ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट आणि फॉरेस्ट सर्व्हिस या केंद्रीय खात्यांकडे आहे. एकट्या ब्युरोकडे सुमारे १५.५ कोटी एकर जमीन गुरांच्या चराईसाठी आहे. खासगी जमिनीच्या मालकांना सल्ला आणि अर्थसाहाय्य देण्याचं काम नॅचरल रिसोर्सेस कॉन्झर्व्हेशन सर्व्हिस करते. तिला सगळे एनआरसीएस म्हणतात. १९३० च्या दशकात धुळीच्या वादळांनी मैदानी राज्यांची माती उडवून नेली, तेव्हा ह्यू हॅमंड बेनेट यांच्या नेतृत्वाखाली १९३५ मध्ये मृदासंवर्धन सेवा उभी राहिली. १९९४ मध्ये तिचंच नाव बदलून एनआरसीएस झालं. त्याच सुमारास, म्हणजे १९३४ मध्ये, टेलर ग्रेझिंग कायद्याने राखीव वनांबाहेरच्या सार्वजनिक जमिनीवरच्या मोकाट चराईला पहिल्यांदा परवान्याची चौकट घातली. म्हणजे हे खातं आणि हे काम आपत्तीतून जन्माला आलं आहे. नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात हा इतिहास सांगायला हवा, कारण नियम का आहेत हे कळलं की नियम जाचक वाटत नाहीत.

केंद्र सरकारच्या माळरान व्यवस्थापन तज्ज्ञ या पदासाठी पदवीत किमान ४२ श्रेयांक विशिष्ट विषयांचे लागतात: १८ माळरान व्यवस्थापनाचे, १५ वनस्पती, प्राणी आणि मृदाशास्त्राचे, ९ इतर संबंधित संसाधनांचे. अट चांगली आहे. पण अनेक विद्यापीठांत स्वतंत्र माळरान विभाग मोठ्या पर्यावरण विभागांत विलीन झाले, आणि येणारे उमेदवार बहुधा वन्यजीव किंवा जीवशास्त्राकडून येतात. त्यांनी परिसंस्था अभ्यासलेली असते, पण गाय जवळून पाहिलेली नसते. उलट रँचवर, म्हणजे गुरं पाळण्याच्या मोठ्या जमिनीवर, वाढलेली मुलं येतात, त्यांना गुरं कळतात आणि माती वाचता येत नाही. एकाच साच्याचं प्रशिक्षण दोघांनाही अर्धवट पुरतं. रुजू होताना कोणाला काय येतं याची तासाभराची चाचपणी शेतात, चालत चालत घेतली, तर पुढचं वर्षभराचं नियोजन त्यावर बेतता येतं.

आता त्या गायींच्या प्रश्नाकडे येऊ. उत्तर कसं काढतात हे आकड्यांतून पाहिलं की प्रशिक्षणात नेमकं कुठे जोर द्यायचा ते दिसतं.

समजा, कुरण १,००० एकरांचं आहे आणि एकरी वर्षाला ८०० पौंड वाळलेलं गवत येतं. एकूण झालं ८ लाख पौंड. यातलं निम्मं जमिनीवरच राहायला हवं. त्यातून झाड पुन्हा फुटतं, मुळं जगतात, मातीवर पांघरूण राहतं. उरलेल्या निम्म्यातलं साधारण अर्धं तुडवलं जातं, कीटक आणि रानटी प्राणी खातात, शेणाखाली जातं किंवा गळून पडतं. गुरांच्या पोटात जायला राहिला पाव हिस्सा, म्हणजे २ लाख पौंड. एनआरसीएसच्या हिशेबात १,००० पौंड वजनाची गाय आणि तिचं पितं वासरू मिळून एक 'पशू एकक'. त्याला रोज ३० पौंड हवेत वाळलेलं गवत, महिन्याला ९१५ पौंड. दोन लाखांना ९१५ ने भागलं की साधारण २१८ पशू-महिने येतात. सहा महिने चराई ठेवायची तर ३६ गायी.

आता समजा, नव्या माणसाने त्याच कुरणाकडे पाहून ८०० ऐवजी १,१०० पौंड असा अंदाज केला. बाकी सगळं गणित बिनचूक केलं. उत्तर येईल ५० गायी. चौदा गायी जास्त, सहा महिने. त्या सुमारे ७७ हजार पौंड गवत जास्त खातील, आणि ते गवत येईल कुठून? जे जमिनीवर सोडायचं ठरलं होतं त्या निम्म्यातून. एक-दोन वर्षं काही दिसणार नाही. मग चांगली गवतं आखडायला लागतील, त्यांची मुळं उथळ होतील, उघड्या मातीचे तुकडे एकमेकांना जोडले जातील. तोवर तो कर्मचारी बहुधा दुसऱ्या जिल्ह्यात बदली होऊन गेलेला असेल.

गणिताची सूत्रं संगणकावर तयार मिळतात. चूक होते ती त्यात भरलेल्या पहिल्या आकड्यात, आणि तो आकडा नजरेतून येतो. म्हणून माझं ठाम मत आहे की नव्या कर्मचाऱ्याच्या पहिल्या वर्षाचा सर्वांत मोठा वाटा नजर तयार करण्याला द्यायला हवा. आणि नजर तयार होते ती अंदाज आणि खरं वजन पुन्हा पुन्हा शेजारी ठेवून.

त्याची रीत जुनी आणि फार सुंदर आहे. ९.६ चौरस फूट क्षेत्रफळाचं एक कडं घेतात. हा विचित्र आकडा का? एका एकरात ४३,५६० चौरस फूट असतात. त्यांना ९.६ ने भागलं की साधारण ४,५३७ कडी येतात, आणि एका पौंडात साधारण ४५३.६ ग्रॅम. त्यामुळे कड्यातल्या गवताचे ग्रॅम मोजून दहाने गुणले की थेट एकरी पौंड मिळतात. ८० ग्रॅम म्हणजे एकरी ८०० पौंड. कॅल्क्युलेटर नको, कागद नको. कुणीतरी शेतात उभं राहून विचार केला, त्याचं हे फळ आहे.

कडं जमिनीवर टाकायचं. आतल्या प्रत्येक जातीच्या गवताचं वजन किती असेल ते नजरेने सांगायचं आणि वहीत लिहायचं. लिहिल्याशिवाय कात्री उचलायची नाही. मग जमिनीलगत कापायचं, जातवार कागदी पिशव्यांत भरायचं, तराजूवर टाकायचं. दहा मिनिटांत कळतं की आपण किती चुकलो आणि कुठल्या गवतात चुकलो. सुरुवातीला आणखी सोपी पायरी आहे: एखाद्या जातीचा मुठीत मावेल असा एक झुपका निवडायचा, कापून वजन करायचं, आणि तो झुपका हे माप धरून कड्यात असे किती झुपके आहेत ते मोजायचं. काही दिवसांनी हात आणि डोळा एकमेकांना ओळखायला लागतात.

नवशिक्याच्या चुकांचाही एक पॅटर्न असतो. उंच, विरळ गवत डोळ्यांत भरतं म्हणून त्याचं वजन जास्त धरलं जातं. बुटकं, दाट गवत कमी धरलं जातं. गवताच्या झाडाचं बरंचसं वजन बुडाशी असतं, हे वाचून पटत नाही. एक झाड जमिनीलगत कापून उंचीच्या बरोबर मध्ये दोन तुकडे करा आणि दोन्ही तोला, मग पटतं. यातूनच 'निम्मं ठेवा, निम्मं घ्या' या जुन्या नियमाचा खरा अर्थ उलगडतो. निम्मं वजनाने मोजायचं असतं. गुरांनी निम्मी उंची खाल्ली तर वजनाने निम्म्यापेक्षा कमी गेलेलं असतं, आणि वजनाने निम्मं जाईपर्यंत गवत बरंच खाली आलेलं असतं.

ओलाव्याचं प्रकरण वेगळं शिकवावं लागतं. ताजं कापलेलं गवत पाण्याने जड असतं. फुलोरा येण्याआधी थंड हंगामातल्या, म्हणजे वसंताच्या थंडाव्यात वाढणाऱ्या, गवतात वाळका भाग जेमतेम तिसरा हिस्सा असतो, बी पिकेपर्यंत तो निम्म्याच्या वर जातो. मे महिन्यात नजर बसली म्हणून ऑगस्टमध्ये तीच नजर चालत नाही. म्हणूनच हा सराव उन्हाळ्यातल्या एका कार्यशाळेत उरकणं पुरत नाही. दर महिन्याला, निदान काही तास, त्याच कुरणावर आणि मग वेगळ्या कुरणावर तो व्हायला हवा.

गवत ओळखण्याबद्दलही असंच. फुलोऱ्यातलं गवत पुस्तकात पाहून ओळखता येतं. पण कर्मचारी कुरणावर जातो तेव्हा गवत बऱ्याचदा कोवळं असतं, नाहीतर चरलेलं, नाहीतर वाळून पिवळं पडलेलं. तेव्हा पान आणि खोड जिथे जुळतात तिथला पातळ पडदा पाहावा लागतो, कोवळं पान कळीत गुंडाळलेलं आहे की घडी घातलेलं ते बोटांत फिरवून पाहावं लागतं, पानावरची लव चाचपावी लागते. चीटग्रास हे बाहेरून आलेलं एकवर्षायू गवत. शरदात किंवा अगदी लवकरच्या वसंतात उगवतं, देशी गवतांच्या आधी ओल पिऊन टाकतं, जूनपर्यंत लालसर जांभळं होऊन वाळतं आणि मग वणव्याला इंधन पुरवतं. सेजब्रश या झुडपाच्या पट्ट्यात हे गवत कोवळेपणी ओळखता आलं नाही, तर हस्तक्षेपाची वेळ हातची जाते. सोसायटी फॉर रेंज मॅनेजमेंट ही संस्था १९४८ पासून आहे. तिच्या वार्षिक अधिवेशनात विद्यार्थ्यांची वनस्पती ओळखण्याची स्पर्धा होते आणि त्यासाठी २०० वनस्पतींची यादी पाठ असावी लागते. त्या स्पर्धेत उतरलेली मुलं नोकरीत लवकर रुळतात असं मला वाटतं. मात्र स्पर्धेतला नमुना कागदावर नीट दाबलेला असतो, आणि कुरणावर तेच झाड अर्धं खाल्लेलं भेटतं.

इथवरचं सगळं आजच्या कुरणाबद्दल झालं. यापेक्षा कठीण गोष्ट म्हणजे त्याच कुरणाचा काल आणि उद्या पाहायला शिकणं.

विसाव्या शतकाचा बराचसा काळ माळरानाकडे जिन्यासारखं पाहिलं गेलं. फ्रेडरिक क्लेमेंट्स यांनी १९१६ मध्ये मांडलेल्या विचारानुसार वनस्पतींचा समूह पायरी-पायरीने एका अंतिम अवस्थेकडे जातो. त्यावर आधारून १९४९ मध्ये डिक्सटरह्यूस यांनी कुरणाची अवस्था उत्कृष्ट, चांगली, मध्यम आणि वाईट अशा वर्गांत मोजण्याची पद्धत दिली. जास्त चराई झाली की कुरण पायऱ्या उतरतं, चराई कमी केली की पुन्हा चढतं. दमट प्रदेशात हे बऱ्याच अंशी जुळतं. कोरड्या प्रदेशात मात्र गुरं हटवून अनेक दशकं गेली तरी गवत परत आलं नाही, अशी उदाहरणं साठत गेली.

न्यू मेक्सिकोतलं होर्नादा हे १९१२ पासूनचं प्रायोगिक माळरान त्याचं ठळक उदाहरण आहे. १८५८ च्या जमीन मोजणीच्या नोंदींत तिथे ब्लॅक ग्रामा आणि इतर गवतांचा मोठा विस्तार दिसतो. १९६३ च्या पाहणीशी तुलना केली तेव्हा त्यातल्या फार मोठ्या भागावर मेस्किट, क्रिओसोट आणि टारबुश या झुडपांनी ताबा घेतला होता. झुडपांखाली वाऱ्याने माती साठते, मधली जमीन उघडी पडते, पाणी आणि पोषकद्रव्यं झुडपांच्याच पायाशी गोळा होतात, आणि गवताला परतायला जागाच राहत नाही. गुरं काढून घेतली तरी हे चक्र आपलं आपण चालू राहतं.

१९८९ मध्ये वेस्टोबी, वॉकर आणि नॉय-मेर यांनी यासाठी वेगळी मांडणी केली: माळरानाच्या अनेक स्थिर अवस्था असू शकतात, आणि एका अवस्थेतून दुसरीत जाताना मध्ये उंबरठा असतो. उंबरठ्याच्या अलीकडे असताना चराईत थोडा बदल पुरतो. तो ओलांडला की झुडपं काढणं, बी पेरणं, जाळणं असे महागडे उपाय लागतात, आणि तेही यशस्वी होतीलच असं नाही. आज 'इकॉलॉजिकल साइट'ची जी वर्णनं कर्मचाऱ्यांच्या हातात असतात, म्हणजे अमुक माती, अमुक पाऊस असेल तर तिथे काय उगवू शकतं आणि काय बिघडू शकतं याचे दस्तऐवज, त्यांच्या गाभ्याला हीच कल्पना आहे.

प्रशिक्षणात हा भाग आकृतीतल्या चौकटी आणि बाण दाखवून शिकवला जातो, आणि मुलांना तो पाठही होतो. पण उंबरठा जवळ आला आहे हे कुरणावर उभं राहून ओळखायचं कसं? त्यासाठी दोन साधनं फार उपयोगी आहेत. एक म्हणजे कुंपण घालून वर्षानुवर्षं चराईपासून वेगळे ठेवलेले तुकडे. कुंपणाच्या आत आणि बाहेर आलटून पालटून उभं राहिलं की चराईने काय बदललं आणि हवामानाने काय बदललं हे वेगळं करता येतं. दुसरं म्हणजे एकाच जागेवरून दशकानुदशकं काढलेली छायाचित्रं. ॲरिझोनातल्या सांता रीटा प्रायोगिक माळरानावर विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीपासूनची अशी छायाचित्रं आहेत. नव्या माणसाला जुनं छायाचित्र हातात देऊन त्याच जागी नेऊन उभं करा. मागच्या डोंगराची रेघ जुळवून नेमकी जागा शोधायला लावा. मग काय बदललं ते लिहायला सांगा. या एका दुपारच्या कामाने उंबरठ्याची कल्पना जितकी पक्की होते, तितकी चार व्याख्यानांनी होत नाही.

माळरानाचं तब्येतपत्रक काढण्याची एक ठरलेली पद्धत आहे. तिच्या मार्गदर्शिकेची पाचवी आवृत्ती २०२० मध्ये आली. त्यात १७ निर्देशक आहेत: पाण्याच्या ओघळी, घळी, उघडी जमीन, वाऱ्याने खरवडलेले भाग, पालापाचोळा, मातीच्या वरच्या थराचा ऱ्हास, आक्रमक वनस्पती वगैरे. त्यांवरून तीन गोष्टी ठरवायच्या: जमीन आपल्या जागी टिकते आहे का, पाणी मुरतं आणि साठतं आहे का, आणि जीवसमूह शाबूत आहे का. प्रत्येक निर्देशक त्या जागेच्या अपेक्षित स्थितीपासून किती ढळला आहे ते पाच पातळ्यांवर नोंदवायचं. इथे नवशिके एक घोटाळा करतात. त्यांना उघडी जमीन दिसली की ती वाईटच वाटते. पण काही कोरड्या जागांवर निम्मी जमीन उघडी असणं हेच तिथलं आरोग्य असतं, आणि दुसरीकडे वीस टक्के उघडी जमीनही धोक्याची खूण असते. म्हणून आधी माती ओळखायची, मग साइट ठरवायची, आणि मगच बोलायचं. खड्डा न खणता केलेलं मूल्यमापन मी तरी मूल्यमापन मानणार नाही.

खड्ड्यात काय करायचं? ओली माती अंगठा आणि तर्जनीमध्ये दाबून तिची पट्टी काढायची. पट्टी अडीच सेंटिमीटरच्या आत तुटली तर चिकणमाती कमी, पाच सेंटिमीटरच्या वर टिकली तर भरपूर. मग मातीचे सहा ते आठ मिलिमीटरचे खडे उचलून छोट्या चाळणीत ठेवायचे, पाण्यात पाच मिनिटं भिजवायचे आणि चाळणी पाच वेळा वर-खाली करायची. पाण्यात पडताच विरघळणाऱ्या खड्याला १, शेवटपर्यंत बहुतांश टिकणाऱ्याला ६. गवताखालचा खडा आणि उघड्या जागेतला खडा शेजारी शेजारी भिजवले की मुळं आणि सूक्ष्मजीव माती कशी बांधून ठेवतात ते डोळ्यांदेखत दिसतं. हा प्रयोग पशुपालकाच्या समोर, गाडीच्या मागच्या फळीवर करता येतो, आणि त्यानंतरची चर्चा वेगळ्याच वळणाने जाते.

इथे माणसांचा विषय येतो. प्रशिक्षणात तो सर्वांत दुर्लक्षित राहतो. एनआरसीएसची नियोजनाची प्रक्रिया नऊ टप्प्यांची आहे: अडचणी ओळखणं, उद्दिष्टं ठरवणं, संसाधनांची नोंद, विश्लेषण, पर्याय मांडणं, पर्याय तपासणं, निर्णय, अंमलबजावणी आणि शेवटी परिणामांची तपासणी. यातला निर्णयाचा टप्पा जमीनमालकाचा आहे, कर्मचाऱ्याचा नाही. खासगी जमिनीवरचं हे सगळं काम ऐच्छिक आहे. मालकाला पटलं नाही तर तो दार लावून घेईल, आणि शेजाऱ्यांनाही सांगेल.

म्हणून नव्या माणसाने पहिल्या भेटीत उत्तरं देऊ नयेत, प्रश्न विचारावेत. कोरड्या वर्षी पाणी आधी कुठे आटतं? गुरं कुठल्या कोपऱ्यात जायला कंटाळतात? आजोबांच्या वेळी इथे काय होतं? कुंपणाचं फाटक उघडं असेल तर उघडं ठेवायचं, बंद असेल तर बंद करायचं, हे सांगायला लागू नये, पण सांगावं लागतं. पहिल्या वर्षात काही दिवस तरी एखाद्या रँचवर नुसतं कामाला लावावं: गुरं हाकणं, कुंपण दुरुस्त करणं, पाण्याच्या टाक्या तपासणं. त्या दिवसांत कळतं की चराईचा आराखडा कागदावर आठ तुकड्यांचा असला तरी रोज गुरं हलवायला माणूस एकच आहे. तसा आराखडा कितीही शास्त्रशुद्ध असला तरी पहिल्या पावसाळी आठवड्यात मोडतो.

आणि हेच वेळेचं दुखणं आहे. अर्थसाहाय्याच्या योजना, करार, तपासणी, संगणकावर नोंदी, हे काम खरं आहे आणि टाळता येत नाही. कुंपण, पाण्याची सोय, झुडपं काढणं, नियोजित चराई या प्रत्येक उपायाला सांकेतिक क्रमांक आहे, निकष आहेत. नवा माणूस हुशार असला की त्याला हे पटकन जमतं, आणि जमलं की तेच त्याच्या वाट्याला येतं. दोन वर्षांत तो करार लिहिण्यात तरबेज होतो, कुरणावर मात्र कच्चाच राहतो. मग सल्ला देणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं होतं. कार्यालयाने पहिल्या वर्षी आठवड्यातले निदान दोन दिवस मैदानासाठी राखून ठेवले आणि ते दिवस कागदकामाने गिळू नयेत याची जबाबदारी वरिष्ठावर टाकली, तरच हे बदलेल.

प्रशिक्षणाचं वर्ष रुजू होण्याच्या तारखेला बांधण्याऐवजी गवताच्या ऋतूला बांधावं, ही माझी दुसरी आग्रहाची सूचना. उत्तरेच्या मैदानी राज्यांत ते असं दिसेल. हिवाळ्यात नकाशे, मृदा सर्वेक्षण, जुन्या फायली आणि पशुपालकांबरोबर बसून पुढच्या हंगामाची आखणी. वसंताच्या तोंडाशी कोवळ्या गवतांची ओळख. मे-जूनमध्ये कडं आणि तराजू. जूनअखेरीला दुष्काळाचा निर्णय, कारण तिथल्या थंड हंगामातल्या गवतांची बहुतेक वाढ तोवर झालेली असते, आणि पाऊस आला नसेल तर नंतर येऊन फारसं भरून निघत नाही. 'अमुक तारखेपर्यंत इतका पाऊस झाला नाही तर इतकी गुरं कमी करायची' हे आधीच लिहून ठेवायला नव्या माणसाने याच वेळी शिकावं. उन्हाळ्याच्या शेवटी उष्ण हंगामातली गवतं भरात येतात, तेव्हा पुन्हा वजनं. आणि शरदात गुरं निघून गेल्यावर तेच कुरण परत चालायचं: काय उरलं, कुठे उरलं, कुठे काहीच उरलं नाही.

उपग्रहांबद्दल थोडंसं. १९८० च्या दशकापासूनच्या लँडसॅट चित्रांवरून ३० मीटरच्या चौकोनागणिक गवत, झुडपं, झाडं आणि उघडी जमीन यांची टक्केवारी दाखवणारं रेंजलँड ॲनालिसिस प्लॅटफॉर्म आज सगळ्यांना मोफत उपलब्ध आहे. नव्या पिढीला ते सहज जमतं, आणि ही त्यांची जमेची बाजू आहे. ज्युनिपरची झाडं गवतात कशी पसरत गेली हे त्यावर काही मिनिटांत दिसतं. फक्त क्रम सांभाळावा. निघण्याआधी नकाशावरून प्रश्न तयार करायचे, उत्तरं जमिनीवर शोधायची. त्या चौकोनात दिसलेलं बारमाही गवत चांगलं देशी आहे की दुय्यम प्रतीचं, हे उपग्रह सांगत नाही.

बदल्यांचा प्रश्न मला सर्वांत चिंतेचा वाटतो. बढतीसाठी दोन-तीन वर्षांनी जागा बदलावी लागते, आणि उत्तरेत तयार झालेली नजर न्यू मेक्सिकोत निम्मी नवी करावी लागते. त्याहून वाईट म्हणजे माणूस जातो तेव्हा त्याच्या डोक्यातलं कुरणही जातं. ज्येष्ठ निवृत्त होतात तेव्हा तर तीस वर्षांची पावसाळी आणि कोरडी सालं त्यांच्याबरोबर जातात. ज्येष्ठ माणूस जाण्याआधी एक पूर्ण हंगाम नव्या माणसाबरोबर काढेल, ही सोय पदं भरण्याच्या वेळापत्रकातच करायला हवी. पद रिकामं झाल्यावर भरती सुरू केली तर ही भेट होतच नाही. आणि प्रत्येक मोठ्या रँचसाठी एक साधी फाइल असावी: छायाचित्रांच्या जागा, कापून तोललेल्या गवताचे वर्षवार आकडे, दिलेला सल्ला, तो पाळला गेला का, आणि पुढे काय झालं. नऊ टप्प्यांतला शेवटचा, परिणाम तपासण्याचा टप्पा सर्वांत जास्त गळतो. नव्या माणसाला पहिल्याच वर्षी आधीच्या कुणीतरी दिलेल्या पाच वर्षांपूर्वीच्या सल्ल्याचा परिणाम तपासायला पाठवावं. शिकण्यासाठी याहून चांगला धडा नाही, आणि खात्याचंही राहिलेलं काम होतं.

प्रशिक्षण जमलं की नाही हे कसं ओळखायचं? पूर्ण केलेल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांची संख्या मोजणं सोपं, म्हणून तीच मोजली जाते. त्यापेक्षा प्रत्येकाच्या वहीतला अंदाज आणि खरं वजन यांतला फरक मेपासून सप्टेंबरपर्यंत कमी होत गेला का ते पाहावं. दीर्घकालीन निरीक्षणाच्या कामात हंगामाच्या सुरुवातीला सगळे निरीक्षक जमिनीवर आखलेल्या एकाच रेषेवर मोजणी करतात आणि त्यांचे आकडे ठरावीक मर्यादेत जुळेपर्यंत पुढे जात नाहीत. तशीच प्रथा सल्ला देणाऱ्या प्रत्येक कार्यालयात असावी, आणि त्यात ज्येष्ठांनीही उतरावं, कारण वीस वर्षांच्या सवयीने नजर एका बाजूला झुकलेली असू शकते. अशा दिवसाला लागतं काय? एक कडं, कात्री, तराजू, कागदी पिशव्या, गाडी, आणि कार्यालयातल्या सगळ्यांचा एक मोकळा दिवस. यातला मोकळा दिवस मिळणं सर्वांत अवघड, म्हणून कार्यालयप्रमुखाने त्याची तारीख जानेवारीतच दिनदर्शिकेवर लिहून टाकावी आणि त्या दिवशी दुसरी कुठलीही बैठक स्वीकारू नये.